दोन ओळींचे अण्णा

आमच्या तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहिणारे अण्णा दोन ओळींपेक्षा जास्त कधी लिहीत नसत, आणि तरीही रांग त्यांच्यापुढेच लागे. मीही तिथलाच अर्ज लिहिणारा; माझ्याकडे टेबल होते, शाईचे पेन होते, वीस वर्षांचा अनुभव होता आणि 'महोदयांच्या चरणी सविनय सादर' अशी भाषा होती. अण्णा पायरीवर बसून मांडीवरच्या पुठ्ठ्यावर लिहीत.

नाव-गाव विचारण्याआधी ते विचारत, "मुदत कवापर्यंत हाय?" मी हसलो की म्हणत, "सायेब, तुमचा अर्ज लई देखणा. पर वाचणाऱ्यानं जेवायला कवा जायाचं?" रांगेतले लोक खो खो हसत. मी मान खाली घालून लिहीत राही.

तीन वर्षांपूर्वी माझ्या पत्नीच्या स्तनात कर्करोगाची गाठ निघाली. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची तारीख दिली आणि बजावले, "उशीर करू नका. गाठ काखेत उतरली तर धोका वाढेल." सरकारी योजनेसाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता. तो अर्ज मी स्वतः लिहिला, तीन पाने, आणि शेवटी एक भारदस्त शब्द योजला: 'दाखला यथावकाश मिळावा, ही नम्र विनंती.'

तारीख उलटली, वर महिना गेला. दाखला आला नाही. तेव्हा पत्नी मला न सांगता अण्णांपुढे जाऊन बसली. हे मला आजही सलते.

अण्णांनी लिहिले: 'कर्करोग आहे. शस्त्रक्रियेची तारीख चुकली, दाखला आजच द्यावा.' मग "चला वैनी" म्हणून स्वतः तिच्याबरोबर एकेका टेबलापाशी उभे राहिले. दुपारी दाखला मिळाला. मला बाजूला घेऊन ते हळूच म्हणाले, "यथावकाश म्हंजी सवडीनं, सायेब. कारकुनानं तुमचंच ऐकलं."

"मला वाटलं, आदरानं."

"ऱ्हाऊ द्या आता. गाडी बघा."

शस्त्रक्रिया झाली तेव्हा गाठ काखेत उतरलेली होती. तो महिना वाचला असता तर काय झाले असते, हे डॉक्टर सांगत नाहीत. दर तपासणीला "बघू" म्हणतात.

गेल्या वर्षी अण्णा चकलांब्याला, आपल्या गावी, वारले. पत्नी जीपने गेली आणि चारचौघांत रडत म्हणाली, "त्यांनी वाचवलं मला." माझा तो 'यथावकाश' अण्णांनी मरेपर्यंत कोणाला सांगितला नव्हता, तिलाही नाही. त्यांच्या जागी मी असतो, तर संध्याकाळपर्यंत सगळी कचेरी हसवली असती.