रविवारच्या अर्जावरची सही

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. देवापुढे हात जोडले तरी एवढं वगळूनच बोलत आलो. आज तुमच्याजवळ बोलतोय — का, ते माझं मलाही नीट कळत नाही.

ठाण्यात एका सरकारी कचेरीत मी कारकून होतो. घर नौपाड्यात, कचेरी पायी दहा मिनिटं. अकरा ते पाच काम, महिन्याचा ठरलेला पगार. एके वर्षी मिठागरांच्या जुन्या नोंदी नव्या वह्यांत उतरवायचं काम निघालं. हेडक्लार्क म्हणाला, "महिनाभर रविवारीही यावं लागेल." महिनाभर! दीड वर्ष आम्ही पाचजण रविवारी जात होतो, आणि त्याबद्दल एक पै हाती पडली नाही. केशवराव तर कल्याणहून यायचे, रविवारचं तिकीटही पदरचं काढून. दिवसाउजेडी पोरांजवळ बसणंच राहिलं नाही, म्हणायचे.

अर्ज त्यांनीच लिहिला. भाषा अगदी नम्र — रविवार मोकळा द्यावा, नाहीतर त्या दिवसाच्या कामाचा मोबदला द्यावा. कागद घेऊन ते माझ्या घरी आले. मी वाचला आणि पहिली सही मी केली, मोडी लिपीत, चांगली ऐटीत. वर म्हणालो, "कुणीतरी बोलायलाच हवं होतं, केशवराव." हे माझे शब्द! आठवले की आजही थुंकावंसं वाटतं.

आठ दिवसांनी साहेबाचं बोलावणं आलं. मला सगळ्यांच्या आधी. साहेब चिडलेला नव्हता. धमकी नाही, चढा आवाज नाही — हे मुद्दाम सांगतो, नाहीतर तुम्ही माझ्या बाजूने काहीतरी शोधायला लागाल. अर्जावर बोट ठेवून त्याने विचारलं, "ही सही तुझी?"

"नाही, साहेब."

कसं आलं ते तोंडातून? ठरवून गेलो नव्हतो. पण आलं — आणि किती सहज आलं! मग त्याने विचारलं, अर्जाचं अक्षर कुणाचं? मी केशवरावांचं नाव सांगितलं. हे मात्र खरं होतं. त्या खोट्याला हे खरं जोडलं गेलं, आणि केशवराव दुसऱ्याची सही ठोकणारे ठरले. साहेबाला मोडी येत नव्हती. बाजूला उभ्या हेडक्लार्कला येत होती, माझी सही तो रोज पाहत होता. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि नजर खाली वळवली. त्यालाही हेच हवं होतं.

बाकीच्या तिघांनी दाराबाहेरून ऐकलंच होतं. न वाचता सही केली, असं सांगून त्यांनी माफी मागितली.

मग केशवरावांना माझ्यासमोर उभं केलं. ते मला म्हणाले, "गोविंदराव, तुमच्याच ओटीवर बसून सही केलीत ना?" रागाने नाही हो — एखाद्या विसराळू माणसाला आठवण करून द्यावी तसं.

"मला काही ठाऊक नाही," मी म्हणालो.

खटला नको असेल तर राजीनामा द्या, असं त्यांना सांगण्यात आलं. बारा वर्षांची नोकरी. चांगल्या वर्तणुकीचा दाखलासुद्धा दिला नाही, म्हणजे दुसऱ्या कुठल्या कचेरीत जायची सोय नाही. पुढे दोन वर्षांनी हेडक्लार्क निवृत्त झाला आणि त्याची खुर्ची मला मिळाली. मलाच का? विचारायची गरज होती का?

त्यानंतर एकदा कल्याणच्या बाजारात केशवराव दिसले. एका भाताच्या व्यापाऱ्याकडे चिठ्ठ्या लिहीत होते. अंगरखा विरलेला. मी तोंड फिरवून निघणार, तोच त्यांनी हाक मारली. वाटलं, आता चार लोकांत लाज काढणार. काढली असती तर! त्यांनी माझी प्रकृती विचारली, मुलांचं विचारलं. मग जवळ येऊन हळूच म्हणाले, "एक सांगा, गोविंदराव. रविवार सुटला का?"

"सुटला," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा खुलला. "चला. तेवढं तरी झालं."

ते पुन्हा दुकानात गेले आणि मला — काय सांगू — मला हायसं वाटलं. साहेबापुढे खोटं बोललो, तिथे निदान नोकरीचं भय होतं. इथे कसलं होतं? त्यांच्या त्या खुललेल्या चेहऱ्यावर मी माझं ओझं उतरवून मोकळा झालो. त्या हायसं वाटण्याची मला जितकी किळस आहे, तितकी दुसऱ्या कशाचीच नाही.

त्या मिठागरांच्या वह्या तर केव्हाच पुऱ्या झाल्या होत्या. रविवारी या, असा साहेबाचा हुकूमही नव्हता. कारकुनांना मीच बोलावत होतो. त्या भेटीनंतरच्या रविवारीही बोलावलं, आणि पेन्शनीत निघेपर्यंत बोलावत राहिलो.