मागून येणाऱ्या गाड्या

आधी काकूंबद्दल सांगतो. डोंबिवलीत राहणाऱ्या, एका सहकारी बँकेत नोकरी करणाऱ्या, पोपटी हेल्मेट घालून आणि ओढणीची कमरेला गच्च गाठ मारून सायकल चालवणाऱ्या या बाईंनी मला या शहरात टिकवलं. त्या माझ्या नात्यातल्या नाहीत, गावाकडच्या नाहीत. नाव लिहिलेलं त्यांना आवडणार नाही, म्हणून लिहीत नाही. पण आज मी इथं आहे आणि नोकरीला आहे, ते त्यांच्यामुळं. आता काय झालं ते सांगतो.

मी लातूरकडचा. आठवीत शाळा सुटली, ती सुटलीच. गावातल्या एकाच्या ओळखीनं इकडं आलो आणि खाडीच्या पलीकडं, भिवंडीच्या बाजूला, एका गोदामात खोकी भरायच्या कामाला लागलो. खोली डोंबिवली पश्चिमेला. पहाटेच्या पाळीला रिक्षा मिळायची नाही, म्हणून एक जुनी काळी सायकल घेतली. सायकलची मला कधी भीती नव्हती. गावाकडं मागून आलं तर काय येणार, म्हैस. ती आपणच बाजूला होते.

खाडीवरच्या पुलापलीकडं एका रविवारी सकाळी, जादा पाळीला जाताना, मला मागून टेम्पोनं उडवलं. आवाज आला असणार, पण मला आठवतो तो फक्त खडीचा वास. डोळे उघडले तर वर सात-आठ हेल्मेटं, लाल, पिवळी, निळी. वाटलं, मेलो, आणि इथली माणसं अशी दिसतात. मग कुणीतरी ओरडलं, “अरे हलवू नका त्याला!” आणि पोपटी हेल्मेटवाल्या बाई माझ्याजवळ खडीत बसल्या. म्हणाल्या, “बाळा, पायाची बोटं हलव बघू. शाब्बास. आता तुझ्या आईचं नाव सांग.”

ते सायकलवाले होते. दर रविवारी फिरायला निघायचे, टिटवाळा, खडवली, कधी पुलावरून ठाण्यापर्यंत. खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात नेण्यापासून गोदामात निरोप देण्यापर्यंत सगळं काकूंनीच केलं.

हाड जुळलं. मुकादमानं जागा ठेवली, हे त्याचे उपकार. पण पहिल्याच दिवशी त्यानं सांगितलं, “चालत ये, उडत ये, गेट बंद व्हायच्या आत आत पाहिजेस. तुझ्या जागेवर यायला माणसं उभी आहेत.” उभी होतीच, मी रोज बघत होतो. आणि गावाकडं माझी बहीण बारावीला होती. माझी शाळा सुटली तशी तिची सुटू द्यायची नव्हती, आणि ते या नोकरीवरच होतं.

सायकलवर बसायला मात्र मला जमेना. बसायचो, दहा पायडल मारायचो, मागून गाडीचा आवाज आला की हात दगड व्हायचे. उतरून कठड्याला चिकटून उभा राहायचो. गाडी गेली की परत बसायचो, परत उतरायचो. शेवटी पूल हातात सायकल धरून चालत ओलांडायला लागलो. दोनदा उशीर झाला. दुसऱ्यांदा मुकादम नुसता बघत राहिला. मला त्या बघण्याची जास्त भीती वाटली. आईचा फोन आला, “काय करलालास रे बाळा, बरा हाईस ना?” तर म्हणालो, “बरं चाललंय.”

त्याच आठवड्यात काकूंनी चौकशीला फोन केला. “सायकल चालवतोस ना रे आता?” “हातात धरून नेतो,” मी म्हणालो. त्यांना कळलं. “रविवारी आमच्यात ये,” म्हणाल्या.

मला जायचं नव्हतं. शिकलेली माणसं, बोलताना मध्येच इंग्रजी, आणि माझ्या सायकलला मागं कॅरियर. पण गेलो. ठाकुर्लीच्या पुढं एका टपरीवर त्यांचा पहिला चहा व्हायचा. सायकली भिंतीला एकीवर एक टेकवलेल्या, माझी सगळ्यात कडेला. त्यांच्यात एक दातांचे डॉक्टर होते, आणि खाडीकाठच्या गावातले एक भाऊ, इथलेच, त्यांच्या बोलण्यात गाडीची गारी व्हायची.

“डॉक्टर, नवीन सायकल घरी कळली का?” काकू विचारत होत्या.

“छे! क्लिनिकमध्येच ठेवतो. पेशंटला वाटतं दात काढायचं मशीन आहे.”

“आणि वहिनी क्लिनिकला आल्या तर?”

“त्या दाढ दुखली तरी क्लिनिकला येत नाहीत. सेफ आहे.”

मग विषय निघाला पडण्याचा. तो दर रविवारी निघायचाच. कोण कुठं आपटलं, कुणाची चेन कुठं तुटली, कोण पायडलमध्ये बूट अडकलेला तसाच सिग्नलला आडवा झाला. भाऊ माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “आरं, मी तं तीनदा परलू. बग, जिता हाय ना?” सगळे हसले. मीही हसलो. पण ते हसण्याचे किस्से मी बरोबर खोलीवर न्यायचो, आणि तिथं अंथरुणावर पडलं की ते हसण्याचे राहायचे नाहीत. तीनदा पडलेला माणूस जिवंत आहे, म्हणजे चौथ्यांदाचं काय, असं डोक्यात फिरत राहायचं.

माझं दुखणं सगळ्यांना कळल्यावर उपायही सगळ्यांनी सांगितले. डॉक्टरांनी हँडलला लावायचा आरसा आणून दिला. तो लावून मी निघालो तर त्यात एक ट्रक दिसला, बोटाएवढा, मग हाताएवढा. मी त्याच्याकडं बघतच राहिलो आणि सरळ गटाराच्या कडेला गेलो. आरसा परत केला. भाऊंनी मान वळवून मागं बघायला शिकवलं. हनुवटी खांद्याला, उजवा हात सैल. पण मान वळली की माझी सायकलही वळायची, तीही रस्त्याच्या मधोमध. भाऊ कपाळाला हात लावायचे, “मान फिरव बोललू र, गारी नको फिरवू!”

या लोकांची एक रीत आहे. रांगेत चालताना पुढच्याला खड्डा दिसला की तो “खड्डा!” म्हणतो आणि प्रत्येक जण ते मागच्याला पोचवतो. मागून गाडी आली की शेवटचा माणूस “गाडी!” म्हणतो आणि ते तोंडातोंडी पुढपर्यंत जातं. शेवटचा माणूस म्हणजे सगळ्यांचा मागचा डोळा. ती जागा काकूंची. मला त्यांनी आपल्या पुढं घेतलं.

नुसतं “गाडी!” ऐकून माझं भागेना. किती मोठी, किती जवळ, डोक्यात सगळं तेच. मी उतरायला लागलो तसं काकू मागून बोलायला लागल्या. म्हणजे त्या बोलतच होत्या, आता त्यात गाड्याही आल्या.

“तर मी सुनेला म्हटलं, तुला भोपळा नाही आवडत तर नको खाऊस. दुधाचा टेम्पो आहे, लांब आहे अजून. पण आणलेला भोपळा टाकायचा कशाला? आता जवळ आला. त्याने बघितलंय तुला, बाहेरून काढतोय. गेला. तर ती म्हणते, आई, थालीपीठ करा. आता बाइक, दोन आहेत, पोरं आहेत, हॉर्न वाजवतील, दचकू नकोस. वाजवला बघ. थालीपीठ मला सुचलं नव्हतं हं.”

मी उतरलो नाही. खडवलीपर्यंत गेलो आणि परत आलो. घाम फुटला होता, पण मागं काय आहे ते मला कळत होतं. टपरीवर डॉक्टर म्हणाले, “काकूंची बडबड कुणाच्या तरी उपयोगी पडली, हे बँकेत कळवायला पाहिजे.” काकू म्हणाल्या, “तुम्ही दातात कापूस घाला आणि गप्प बसा.”

पण ते रविवारचं. सोमवारी मागं काकू नव्हत्या. पुलावर पहिला ट्रक आला आणि मी उतरलो. परत हातात सायकल. त्या दिवशी गेट बंद होता होता आत शिरलो. मुकादम म्हणाला, “अजून एकदा.” पुढचं तो बोलला नाही.

काकूंनी फोनवर विचारलं तेव्हा खोटं बोलायचा प्रयत्न केला, जमला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे खोलीखाली सायकलची घंटी वाजली. खाली पोपटी हेल्मेट. म्हणाल्या, “चल. मला दहाला बँक. तोपर्यंत मोकळीच आहे.”

मोकळ्या कसल्या. घरी नवऱ्याचा डबा, सुनेची नोकरी, नातवाची शाळा. तरी आल्या, आणि येत राहिल्या. रोज पुलावरून माझ्या मागं त्यांचा आवाज. बँकेतला साहेब, नातवाचे दात, गॅसवर दूध उतू गेलं ते, आणि मध्ये मध्ये कंटेनर, टेम्पो, पाण्याचा टँकर. गोदामाच्या वळणावर त्या थांबायच्या, “जा, पळ,” म्हणायच्या आणि मी आत पळायचो. मागं वळून कधी बघितलं नाही, उशिराची धास्ती असायची.

मग थंडीतला तो दिवस. काकू आल्या, गळ्याला मफलर, आणि काहीच बोलेनात. मी विचारलं, “काकू, काय झालं?” त्यांनी गळ्याकडं बोट दाखवलं. तोंड उघडलं तर नुसती हवा. मोबाइलवर टाइप करून माझ्यापुढं धरला. ‘घसा बसलाय. आज मी पुढे, तू मागे. तू सांगायचं.’

मी म्हणालो, “नको काकू. आज मी चालतच जातो. तुम्ही घरी जा.”

चालत गेलो तर गेट बंद, हे त्यांनाही माहीत होतं, मलाही. त्यांनी मोबाइल ओढणीच्या गाठीत खोचला आणि निघाल्या. आता त्या पुढं गेल्यावर मी काय करणार. माझ्यासाठी आलेली बाई त्या पुलावर एकटी, मागं कुणी नाही. मी पायडल मारलं.

पुलाच्या चढाला मागून आवाज आला. जड. हात दगड व्हायला लागले. उतरावंसं वाटलं, कठडा बाजूलाच होता. पण काकू माझ्या पुढं होत्या, आणि मी उतरलो असतो तर त्यांना कळलंही नसतं. पुढं रस्त्यावर वाळू सांडली होती. ती चुकवायला त्या उजवीकडं, रस्त्याच्या आत सरकायला लागल्या.

मी हनुवटी खांद्याला लावली. उजवा हात सैल सोडला. सायकल हलली, पण वळली नाही. मागं कंटेनर होता, दिवे लागलेला, अगदी जवळ. मग ओरडलो.

“कंटेनर! काकू, कंटेनर! डावीकडं!”

काकूंनी मागं बघितलं नाही. एकदाही नाही. ऐकल्याबरोबर सरळ वाळूत सायकल घातली. चाक थोडं घसरलं, पाय टेकला, उभ्या राहिल्या. कंटेनर वारा मारत गेला. मी ओरडलो, “गेला! काकू, गेला!” आणि मला पायडल सापडेना.

तिथून पुढं मी बोलतच राहिलो. कारण गप्प झालो असतो तर रडलो असतो. “टेम्पो आहे काकू, लांब आहे. बहिणीचा फोन आलता काल, केमिस्ट्री अवघड जाते म्हणती. बाइक, एकच. मला केमिस्ट्री म्हणजे काय तेपण माहीत नाही. गेली. आईनं शेंगदाण्याची चटणी पाठवली, तुम्हाला देतो. टँकर आहे, सावकाश येतोय.” काकू पुढं मान डोलावत होत्या.

वळणावर आलो. त्यांनी हातानं ‘पळ’ म्हणून खूण केली. पण त्या दिवशी मी गेटातून आत जाऊन मागं वळून बघितलं. काकू सायकल फिरवून पुलाकडं परत निघाल्या होत्या. एकट्या. त्यांच्या मागून एक ट्रक चालला होता आणि त्यांना सांगणारं कुणी नव्हतं. पोपटी हेल्मेट दिसेनासं होईपर्यंत मी उभा राहिलो. मुकादम ओरडला, “आत आलास ना वेळेत? मग आता काय बघतोस?” इतके दिवस त्या मला सोडून अशाच परत जात होत्या, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. त्या दिवशी खोकी भरताना माझी भीती माझ्यासाठी नव्हती. दुपारी त्यांचा मेसेज आला, ‘बँकेत पोचले होते वेळेत,’ तेव्हा कुठं डबा उघडला.

संध्याकाळी फोन करून सांगितलं, उद्यापासून येऊ नका. पलीकडून घोगरा आवाज आला, “जमेल का रे?” मी म्हणालो, “माहीत नाही. पण तुम्ही येऊ नका.”

जमलं, म्हणजे जमवतो. भीती गेलेली नाही. आजही पुलावर मागून जड आवाज आला की पाठ ताठ होते. मी हनुवटी खांद्याला लावतो, बघतो आणि मोठ्यानं म्हणतो, “टेम्पो आहे, लांब आहे.” बाजूनं चालणारे लोक बघतात. बघू देत. अजून गेटावर उशीर झाला नाही. बहीण बारावी झाली, आता पुढं शिकतेय.

एका रविवारी चहाला मी काकूंना विचारलं, “तुम्ही परत एकट्या जायच्या तेव्हा भीती नव्हती वाटत?”

“वाटायची की,” त्या म्हणाल्या. “परत जाताना मी काय गप्प असायचे असं वाटलं तुला?”

“कुणाशी बोलायच्या?”

“भोपळ्याशी,” डॉक्टर मध्येच म्हणाले, आणि भाऊ चहा सांडेपर्यंत हसले. काकूही हसल्या.

दोन वर्षांनी त्या बँकेतून निवृत्त होतील. तेव्हा सायकलवर कसाऱ्याचा घाट चढून नाशिकला जायचं म्हणतात. घरचे नको म्हणतात. त्या रस्त्यावरच्या गाड्या मी बघितल्यात. काकू, तुम्हाला तोंडावर सांगायला मला जमत नाही, म्हणून इथं लिहितो. तुम्ही जेव्हा निघाल तेव्हा मी रजा काढीन, नाही मिळाली तर तशीच घेईन. पूर्ण घाटात शेवटचा मी असेन आणि मागून येणारी एकेक गाडी तुम्हाला सांगेन. तुम्ही माझ्यासाठी केलंत ते एवढ्यानं फिटायचं नाही, पण तिथून मी फेडायला सुरुवात करीन.