वैशालीचं पहिलं बटण

रविवारी सकाळी वाचनालयाच्या वरच्या खोलीत मी काही बायकांना वेबसाइट बनवायला शिकवते. त्यांतली वैशाली एसटीत कंडक्टर आहे. आज आल्याआल्याच ती म्हणाली, "मॅडम, हे माझ्याच्यानं होणार नाही. आजचा शेवटचा दिवस."

मी तिच्या शेजारी नुसती बसले. तिच्या कोडमध्ये एक कंस बंद करायचा राहिला होता; तो तिचा तिलाच सापडला. तिनं पडद्यावरचं बटण दाबलं आणि पांढरं पान निळं झालं. ती त्या निळ्या पानाकडे बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "हे मी केलं?"

"तुम्हीच."

मी पूर्वी प्रसूतिगृहात नर्स होते. बाळाला पहिल्यांदा बघणाऱ्या आईच्या चेहऱ्यावर असंच नवल उमटायचं. चाळिशीत ते काम सोडून कॉम्प्युटरसमोर बसले, तेव्हा वाटलं होतं, आता ते नवल पुन्हा दिसायचं नाही. आणि ते इथे, माझ्यापासून हातभर अंतरावर होतं.

मी काही बोलायच्या आत वैशालीनं खुर्ची शेजारणीकडे वळवली होती. "तुझं कुठं अडलंय गं? दाखव बघू."