गेनॉरची गाडी, बॅरीचं माप

गेनॉर ब्लँचर्डला सल्ल्यांची शिसारी होती, आणि इंग्लंडातल्या लिंकनशरच्या या किनाऱ्यावर ज्यानं चार दिवस काढलेत तो तिला त्याबद्दल नावं ठेवणार नाही. इथला माणूस एरवी तोंड उघडेल तर शपथ. पण बाईच्या हाती एखादं यंत्र आलेलं दिसू द्या, गावभरच्या बाप्यांना कंठ फुटतो.

गेनॉर ठेंगणी, रुंद खांद्यांची, पन्नाशीची. घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांना उठवायचं, न्हाऊ घालायचं, गोळ्या द्यायच्या, हे तिचं काम. त्याची तिला कधी किळस आली नाही. ज्या बसनं ती जायची ती बंद झाली तेव्हा मात्र तिला कामावर पाठवणाऱ्या एजन्सीची बाई फोनवर साखर घोळून म्हणाली, "सोमवारपासून तुझं स्वतःचं वाहन नसलं, तर तुझी घरं दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागतील हं." त्या घरांमध्ये शेताडीतल्या एकट्या बंगलीत राहणाऱ्या पॉकलिंग्टन आजीही आल्या. त्या गेनॉरशिवाय कुणाला केसांना हात लावू देत नसत. मागे बदलीवर आलेल्या मुलीच्या मनगटाला त्या चावल्या होत्या.

म्हणून गेनॉरनं एक जुनी, लहान मोटरसायकल घेतली. शनिवारी एक दिवसाचं सक्तीचं प्रशिक्षण होतं. त्याचा दाखला मिळाला, की लाल 'एल'ची पाटी लावून सोमवारी रस्त्यावर. नाही मिळाला, तर नोकरी गेली.

तिचा नवरा बॅरी प्लंबर. माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत. वाईट असता तर त्याला हाकलून देता आलं असतं. बुधवारी संध्याकाळी मासे-चिप्सच्या दुकानासमोर मोटरसायकलवाल्यांचा अड्डा जमतो, तिथे तो गाडी व्हॅनमध्ये घालून घेऊन गेला. बायकोला नेलं ते तिच्याच हट्टामुळे. त्याचा दोस्त नेव्हिल आपल्या बैलाएवढ्या गाडीवर रेलून चिप्स खात होता. व्हिनेगरनं ओली बोटं त्यानं गेनॉरच्या सीटवर पुसली आणि अक्कल पाजळली.

"पहिली गोष्ट, दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकले पाहिजेत. टाचांसकट. नाहीतर बाई आडवी झालीच म्हणून समज."

"माझी एक टाच टेकते की," गेनॉर म्हणाली.

"एकीनं काय होतंय गं? बॅरी, सीट काप."

आणि बॅरीनं कापली! घरी येऊन, पाव कापायच्या सुरीनं. फोम ओरबाडून काढला, वरून काळी चिकटपट्टी गुंडाळली आणि सुरी न धुता खणात ठेवली. सकाळी गेनॉरच्या टोस्टमध्ये पिवळा भुगा दाताखाली आला. तिनं तो सिंकमध्ये थुंकला आणि सिंककडेच बघत उभी राहिली. मग बॅरी स्वतः गाडीवर बसला. क्लच-ब्रेकच्या दांड्या, आरसे, गिअरचं पेडल, सगळं बसल्या बसल्या जमवलं आणि म्हणाला, "एकदम झकास! लोण्यासारखी चालेल बघ."

शनिवारी प्रशिक्षणाच्या आवारात ती लोण्यासारखी चालली नाही. जनावरांच्या जुन्या बाजाराची ती फरसबंदी, अजून शेणाचा वास धरून. डोक्यात नेव्हिलचं उसनं हेल्मेट, आतून त्याच्या घामानं आणि तळणाच्या वासानं भरलेलं. शिकवणारी मॅक्सीन कथबर्ट वाळकी, तोंडाची फटकळ. तिनं ते हेल्मेट आधी हुंगलं आणि दोन बोटांत धरून कोपऱ्यात ठेवलं.

"हे कुणाच्या डोक्यात होतं ते मला सांगू नकोस. आमचं घे एक, धुतलेलं आहे."

तरी बाकीचं जमेना. इंग्रजी आठच्या आकड्यात गाडी वळवायची, तर खोल सीटमुळे वर आलेले गुडघे हँडलला अडत. गिअरखाली बूट सरकवायला अख्खा पाय उचलावा लागे. क्लच धरायला मनगट मोडावं लागे. आरशात आपलीच कोपरं दिसत. गाडी चारदा बंद पडली आणि शेवटी खुणेला मांडलेल्या प्लास्टिकच्या शंकूंवर आडवी झाली. टाचा दोन्ही टेकलेल्या होत्या, हे नेव्हिलला कुणीतरी कळवायला हवं होतं.

जेवणाच्या सुट्टीत मॅक्सीन तिच्याशेजारी बसली. "खरं सांगते, दुपारी तुला रस्त्यावर नेणं मला जमणार नाही. इथली वळणं काटकोनात, दोन्ही अंगांना पाण्याचे चर. चरातून तुला काढत बसायची माझी हौस नाही."

"मला यातलं काही जमतच नाही," गेनॉर म्हणाली. "लग्नानंतर मोटार शिकत होते, तीही जमली नाही. सगळ्या गावाला माहितीय."

"शिकवत कोण होतं?"

"बॅरी."

"सीट पुढे ओढून बसायचीस ना?"

गेनॉरच्या हातातलं हॅमचं सँडविच तसंच राहिलं. सीट पुढे ओढायची नाही, असा बॅरीचा नियम होता. परत जमवायला त्याला त्रास व्हायचा. ती उशी पाठीशी घेऊन, पायाच्या चवड्यानं क्लच चाचपत शिकली होती, आणि तीनदा नापास झाल्यावर बॅरी मायेनं म्हणाला होता, "असतं गं एकेकाला, नाही जमत." त्यावर तिनं त्याला थँक यू म्हटलं होतं. आता ते आठवून तिला बॅरीची किळस आली आणि त्या थँक यूची त्याहून जास्त.

"नाही," ती म्हणाली. "कधीच नाही."

मॅक्सीन उठली. तिनं प्रशिक्षण शाळेची गाडी आणली. "बस. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसतेस तशी. खांदे सोड, कोपरं सोड, गुडघे टाकीला नुसते लागू देत. आता डोळे मीट आणि हात पुढे कर. बोटं आपसूक जिथे पडतील तिथे दांडी यायला हवी." तिनं पाना लावून दांड्या फिरवल्या, गिअरचं पेडल गेनॉरच्या छोट्या बुटाला बेताचं केलं. "थांबताना डावा पाय खाली, उजवा ब्रेकवर. उजवा खाली ठेवायचाच नाही, मग दोन टाचा हव्यात कशाला? आणि चाकाकडे बघू नकोस. जायचंय तिकडे बघ."

गेनॉर जायचं होतं तिकडे बघत गेली. आठचा आकडा झाला. परत झाला. दुपारी चरांच्या कडेकडेनं, कोबीच्या शेतांमधून मॅक्सीनच्या पुढे ती गाडी हाकत होती आणि हेल्मेटच्या आत मोठमोठ्यानं शिव्या देत होती. दाखल्यावर सही करताना मॅक्सीन म्हणाली, "शिव्या फार छान देतेस हं, हेल्मेटमध्ये माईक असतो, माझ्या इअरफोनमध्ये सगळं ऐकू येतं."

रविवारी बॅरी मॅच बघत असताना गेनॉरनं मॅक्सीनकडून आणलेली धड सीट बसवली. त्याच्याच पान्यांनी एकेक दांडी आपल्या बोटांना जुळवली. मदत मागितली नाही आणि त्यालाही मॅच सोडवेना, त्यामुळे काम नीट झालं.

सोमवारी उजाडताना ती बाहेर आली, तर बॅरी ड्रेसिंग गाऊनमध्ये तिच्या गाडीवर बसलेला, हातात पाना. गुडघे हँडलच्या वर, कोपरं बगळ्याच्या पंखांसारखी उघडलेली. चेहऱ्यावर खरीखुरी काळजी.

"बरं झालं मी बघितलं," तो म्हणाला. "गेनॉर, हिचं काहीतरी बिघडलंय. मला हिच्यावर नीट बसताच येत नाही."

मोटारीत काय, गाडीवर काय, बायकोला कसं बसता येतं, हे बघावं असं इतक्या वर्षांत त्याच्या मनातच आलं नव्हतं, आणि आताही येत नव्हतं. तिनं हातातल्या कपातला चहाचा शेवटचा घोट दारातल्या कुंडीत ओतला.

"बिघडलेलं नाही, बॅरी. उतर."

"अगं, पण दोन मिनिटांत मी—"

"पॉकलिंग्टन आजी अंथरुणात ओल्या पडल्या असतील. उतर."

तो उतरला. ती बसली, हात पुढे केले, आणि दांड्या बोटांखाली आल्या.