चहा घ्या, बघू

निफाडजवळच्या आमच्या पॅकहाउसमध्ये कुणी कुणाला नाही म्हणत नाही. शेतकऱ्याचा द्राक्षमाल निर्यातीत बसणारा नसला, तर त्याला खुर्ची देतात आणि चहा मागवतात. "घ्या काका, बघू, होऊन जाईल." दुसरा चहा आला की जाणत्याने समजून घ्यायचं. न समजणारा बिचारा दुपार कलेपर्यंत बसतो. तोवर टेम्पोतला माल उन्हाने मलूल होतो आणि गावच्या बाजारातही कुणी विचारत नाही. याला इथे माणुसकी म्हणतात. माझं डोकं फिरतं.

वर साहेबांनी शहरातून एक ट्रेनर आणला. यशस्वी माणसाच्या तोंडात 'नाही' हा शब्द नसतो, असं त्याने आम्हाला हसत हसत शिकवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. यांना आणखी शिकवायचं काय राहिलं होतं, ते मला कळेना.

त्या वर्षी क्वालिटी हेडची जागा रिकामी होणार होती आणि ती मला हवी होती. अगदी मनापासून हवी होती. नेमके तेव्हाच माझे चुलत सासरे टेम्पो घेऊन आले. मी कोल्डरूममधून बाहेर येईपर्यंत त्यांच्या हातात दुसरा कप होता. मी क्रेट उघडले. माल गोड होता, पण मणी बारीक.

"काका, हा आपल्याकडे बसणार नाही. आत्ता निघालात तर बाजारातला लिलाव सापडेल."

काकांनी कप तसाच ठेवला आणि ते टेम्पो घेऊन निघून गेले. घरी सासूबाईंनी अबोला धरला. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "मॅडम, तुमचं काम चोख आहे, पण ॲटिट्यूड जरा सांभाळा." जागा मिळाली ती सर्वांत जास्त चहा पाजणाऱ्याला. पेढे मीही खाल्ले.

पुढच्या हंगामात काका पुन्हा आले. नव्या हेडने लगबगीने खुर्ची पुढे केली, चहाची ऑर्डर दिली. साहेब शेजारीच उभे होते. काका काही बसले नाहीत.

"चहा नको. आमच्या सूनबाईला बोलवा. ती नाय म्हणते, पण टायमात म्हणते. मागच्या साली तिच्यामुळं लिलाव गावला."

हे त्यांनी वर्षभर पोटात ठेवलं होतं. घरी एका शब्दाने सांगितलं असतं, तर काय बिघडलं असतं? मी चडफडतच बाहेर आले आणि क्रेट उघडले. याही वेळी मणी बारीकच होते.

"नाही बसणार, काका."

"बरं," म्हणाले, आणि टेम्पोत जाऊन बसले. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, नव्या हेडकडे पाहिलं आणि आलेला चहा स्वतःच पिऊन टाकला.