मॉनिटरचा लाल दिवा

"आपल्या नायिकेला पुण्याच्या कंपनीचं जॉइनिंग लेटर आलंय. परवा सोमवारी हजर व्हायचंय," वाघमारे सर म्हणाले आणि हातातली संहिता त्यांनी टेबलावर टाकली. "आणि लातूरचा प्रयोग पुढच्या शनिवारी. आता बोला."

मी कोपऱ्यात केबल गुंडाळत होतो, तसाच गुंडाळत राहिलो.

मी नांदेडला साउंडचं काम करतो. लग्नं, सभा, गॅदरिंग पोटासाठी आणि आमच्या हौशी मंडळाची नाटकं आवडीसाठी. हे संगीत नाटक सरांनीच लिहिलेलं. कंधारच्या किल्ल्यातली एक कल्पित राणी आणि तिची नऊ पदं. ज्यांनी संगीत नाटक पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. यात नटी रेकॉर्डवर ओठ हलवत नाही, ती स्वतः गाते. बोलता बोलता गाते, गाता गाता मध्येच बोलते आणि रंगमंचासमोर खाली बसलेला ऑर्गनवाला तिला धरून राहतो. त्यामुळे नायिका गेली की आठवड्यात दुसरी उभी करता येत नाही. संवाद पाठ होतात, पदं गळ्यात बसायला महिने लागतात.

"ज्या बाईच्या गळ्यात ही पदं आहेत ती एकच," सर म्हणाले. "बिलोलीची शैलजा. सकाळी फोन केला तिला. म्हणाली, सर, माझा सुराचा कान गेलाय. पुन्हा हसं करून घ्यायचं नाही मला."

मी केबल खाली ठेवली. शैलजाताईंचा कान गेलेला नव्हता. त्या खोलीत हे फक्त मला माहीत होतं.

आठ वर्षांपूर्वी हेच नाटक आम्ही नांदेडच्या स्पर्धेत केलं होतं. शैलजाताई राणी होत्या. मे महिना, हॉलमध्ये दोन्ही बाजूंनी मोठे कूलर घरघरत होते. दुसऱ्या अंकात राणी मागच्या उंच सज्जात उभी राहून गाते. तिथून ऑर्गन ऐकू येत नाही, म्हणून विंगेत एक छोटा स्पीकर तिच्याकडे तोंड करून ठेवतात. त्याला आम्ही मॉनिटर म्हणतो. प्रेक्षकांसाठी तो नसतोच. तो फक्त गाणाऱ्याचा.

पद सुरू झालं आणि मॉनिटरचा आवाज माइकमध्ये शिरायला लागला. माइकचा स्पीकरमध्ये, स्पीकरचा पुन्हा माइकमध्ये, असं चक्र झालं की शिट्टी वाजते. त्याला फीडबॅक म्हणतात. साउंडवाल्याची अब्रू त्या शिट्टीत जाते. समोर परीक्षक बसलेले. मी मॉनिटरचं बटण बंद केलं. शिट्टी गेली.

सज्जात शैलजाताईंना आता फक्त कूलर ऐकू येत होते. त्या अंदाजाने गात राहिल्या. सूर हळूहळू वर चढला. पायऱ्या उतरून पुढे आल्या तेव्हा ऑर्गन एकीकडे आणि त्या दुसरीकडे. मागून कुणीतरी शिट्टी मारली आणि लोक हसले.

एवढ्यावर थांबलं असतं तर ती चूक होती. चुका होतात. पण प्रयोगानंतर मेकअप रूमच्या दारात त्यांनी मला विचारलं, "दिलीपभाऊ, मॉनिटर चालू होता ना?"

मी म्हणालो, "हो ताई, चालूच होता की."

त्या स्पर्धेत परीक्षकांनी लिहिलं, नायिकेचा सूर डळमळीत. मला उत्कृष्ट ध्वनिसंयोजनाचं प्रमाणपत्र मिळालं. आठ वर्षं ते माझ्या दुकानात काचेच्या फ्रेममध्ये होतं. गिऱ्हाइकाला मी ते दाखवायचो. शैलजाताई पुन्हा तालमीला आल्या नाहीत.

"सर, मी जातो बिलोलीला," मी म्हणालो.

"तू? तू काय समजावणार तिला?"

"समजवायला नाही जात."

रविवारी सकाळच्या बसने गेलो. बसमध्ये चार वाक्यं तयार केली. उतरल्यावर एकही आठवेना. घराच्या ओट्यावर त्यांच्या सासूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या.

"कोन पायजे?"

"शैलजाताई आहेत का? नांदेडहून आलोय. नाटकातला."

"नाटकवाले व्हय!" त्यांनी मला खालून वर पाहिलं. "तुमच्या नाटकानं आमची बाई मुकी करून टाकली की वो. आधी भाकरी थापताना गायची, भाकरी बी फुगायची. आता ना गानं, ना फुगनं."

शैलजाताई बाहेर आल्या. केस थोडे पिकलेले. शाळेत विज्ञान शिकवतात, तपासायचे पेपर हातात होते. मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. मी पाणी न पिताच बोललो.

"ताई, त्या दिवशी मॉनिटर बंद होता. मी बंद केला होता. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो."

त्यांनी पेपर खाली ठेवले. सासूबाईंचं शेंगा फोडणं थांबलं.

"शाळेत प्रार्थनेला मी स्पीकरवर गाणं लावते," त्या म्हणाल्या. "पोरं म्हणतात, मॅडम तुम्ही म्हणा. मी म्हणते, घसा बसलाय. आठ वर्षं घसा बसलेला असतो का हो कुणाचा?"

मी मान खाली घातली.

"बसा खाली मान घालून! माझा ल्योक म्हनून राहिला हुता, आई, हिला डॉक्टरला दाखव," सासूबाई कडाडल्या. "कान तपासून आनला हो हिचा नांदेडला! डॉक्टर म्हने, काहीच न्हाई. आन् रोग हितं ओट्यावर बसलाय."

"थांबा आत्याबाई," शैलजाताई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तुमच्यावर विश्वास कशावरून ठेवू? तेव्हाही 'चालू होता' म्हणालात तेव्हा विश्वास ठेवलाच होता. आता दया येऊन खोटं बोलत नसाल कशावरून?"

त्यांनी माझ्या खिशातल्या मोबाइलकडे बोट दाखवलं.

"मोबाइलमध्ये तानपुरा आहे?"

"आहे."

"आणि सूर मोजायचं ते?"

"ट्यूनर. तेही आहे, दुसऱ्या फोनवर." ट्यूनर म्हणजे सूर वर गेला की खाली, ते काट्याने दाखवणारं अॅप.

"आत चला. प्रयोग करून बघू. आत्याबाई, कूलर लावा. फुल."

त्या कूलरच्या अगदी तोंडाशी उभ्या राहिल्या. आधी तानपुरा लावून सूर घेतला, मग मला तो बंद करायला सांगितला. सज्जातलं पद त्यांनी सुरू केलं. आवाज गंजलेला होता, पहिल्या ओळीला फाटलाही. कडवं संपेपर्यंत काटा बराच वर सरकला होता. त्यांनी तो पाहिला आणि चेहरा पडला. मग मी फोन त्यांच्या कानाशी धरला, तानपुरा चालू करून. पुन्हा तेच कडवं. या वेळी माझ्या दुसऱ्या फोनवरचा काटा मधल्या रेघेवरून हलला नाही.

त्यांनी तिसऱ्यांदा तानपुरा बंद ठेवून केलं. चौथ्यांदा चालू ठेवून. पुन्हा तेच.

"म्हणजे कान बरोबर आहे," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग पदर डोळ्यांना लावला आणि लगेच काढला. "येईन मी. दोन अटी. हे तुम्ही तालमीत सगळ्यांसमोर सांगायचं. आणि मॉनिटर चालू आहे की बंद, ते मला सज्जातून दिसलं पाहिजे. तोंडी नको. दिसलं पाहिजे."

"जेवून जावा," सासूबाई म्हणाल्या. "राग वेगळा, जेवन वेगळं."

सोमवारी तालमीत मी उभा राहून सांगितलं. ऑर्गन वाजवणारे बाबूराव म्हणाले, "आठ वर्षं मी गावभर सांगितलं, बाई बेसूर झाली म्हणून." सर माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. मी दुकानातली फ्रेम उतरवली. आणि एक लाल झिरो बल्ब घेऊन मॉनिटरच्या बटणावरच जोडला. मॉनिटर चालू तर दिवा चालू, मॉनिटर बंद तर दिवा बंद. दिवा विंगेत, सज्जाच्या समोर.

लातूरलाही स्पर्धाच होती. पहिला अंक बरा गेला. दुसऱ्या अंकात राणी सज्जात गेली, आलाप घेतला आणि शिट्टी वाजायला लागली. तशीच बारीक, वाढत जाणारी. माझा हात सवयीने मॉनिटरच्या बटणावर गेला. वर पाहिलं. शैलजाताई गात होत्या आणि लाल दिव्याकडे बघत होत्या.

मी हात काढला आणि त्यांच्या माइकचा आवाज खाली आणला. अजून खाली. जवळजवळ शून्य. शिट्टी गेली, पण आता प्रेक्षकांपर्यंत त्यांचा नुसता गळा पोचणार होता.

"आवाज येईना की ओ!" मागच्या रांगेतून ओरडा आला. "साउंडवाले, झोपलेत का?"

सर धावत माझ्या टेबलाशी आले. "अरे, तिचा माइक वाढव! मॉनिटर बंद कर आणि माइक वाढव, एवढं कळत नाही?"

"नाही सर. बंद नाही करणार."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, विंगेतल्या दिव्याकडे पाहिलं. मग मागच्या रांगांकडे गेले आणि हात जोडून म्हणाले, "पंखे बंद करायला सांगतो. दोन मिनिटं शांत बसा, ऐकू येईल."

पंखे थांबले. लोक घामाघूम झाले, पण कुरकुर थांबली. शैलजाताई पायऱ्या उतरत पुढे आल्या आणि सम आली तेव्हा ऑर्गन आणि त्या एकाच सुरावर उभे होते. बाबूरावांनी एका हाताने वाजवत दुसऱ्या हाताने कपाळ पुसलं. मागून 'वन्स मोअर' आला तो बहुधा मघाशी साउंडवाल्यावर ओरडणाऱ्याचाच होता.

आमचा नंबर आला नाही. परीक्षकांच्या टिपणात दोन ओळी होत्या. नायिकेचं गायन सुरेल व आत्मविश्वासपूर्ण. ध्वनिव्यवस्था कमकुवत. तो कागद मी सरांकडून मागून घेतला आणि उतरवलेल्या त्याच फ्रेममध्ये घातला. बिलोलीच्या शाळेत आता प्रार्थना शैलजाताई म्हणतात, असं सासूबाईंनी फोनवर सांगितलं. माझ्याशी शैलजाताई कामापुरतंच बोलतात. ते योग्यच आहे.

तो लाल दिवा मी आता प्रत्येक नाटकाला लावतो. नवीन नट विचारतात, हा कशाला? मी सांगतो, ऑपरेटरला खोटं बोलता येऊ नये म्हणून.