साडूभाऊंचा करंटचोर

विजेचा शोध कोणी लावला हे मी जन्मभर शाळेत पोरांना सांगत आलो, पण वीज जाते कुठे याचा शोध लावणारा माणूस अख्ख्या पृथ्वीतलावर एकच, आणि तो नेमका माझ्या नशिबी साडू म्हणून आला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे आमच्या अक्काचा नवरा. राहायला सेलूतच, माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून. नोकरी वीज खात्यात झाली, पण ती बिलं लिहिण्याची. खांबावर कधी चढले नाहीत, वायरला कधी हात लावला नाही. घरातला बल्ब बदलायचा तर अजून अक्का स्टुलावर चढते आणि हे खाली उभे राहून "जपून, फेज हाय तिथं" एवढं सांगतात. मात्र उभी हयात बिलांत गेल्यामुळे त्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली आहे. करंट कमी पडला, याचा अर्थ कोणीतरी तो चोरतंय.

अशा माणसानं रिटायर झाल्यावर गाडी घेतली. तीही जुनी, एका कापसाच्या व्यापाऱ्यानं वापरून वापरून कंटाळलेली, रंगानं साय धरलेल्या दुधासारखी. चालू झाली की गाडी नीट चालते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण दोन दिवस दारात उभी राहिली की तिची बॅटरी उतरते. किल्ली फिरवली की आधी टक् असा गाडीचा आवाज येतो, मग साडूभाऊंचा येतो, आणि मग माझा फोन वाजतो. "जय भीम साडू. बूट घाला." पुढं काही बोलायची गरज नसते. एकदा चपला घालून गाडी ढकलताना मी तोंडावर आपटलो होतो, तेव्हापासून बुटांची आज्ञा आहे. मी पोचतो तेव्हा ते आधीच स्टिअरिंगवर बसलेले असतात. गाडी त्यांची, बॅटरी त्यांची, पण ढकलताना मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तसं खिडकीतून डोकं काढून ते मला सांगतात, "पोटातून जोर लावा साडू, नुसते हात काय लावायलाय?"

सुरुवातीला जुनी बॅटरी खरोखरच मेली होती. कोणाचीही मरते. शहाण्या माणसानं नवी बसवून विषय संपवला असता. ह्यांनी नवी बसवली, आणि सोबत चोर पकडायची हत्यारं जमवायला घेतली. मीटर आलं, टेस्टर आला, चिमटे आले, वायरींची भेंडोळी आली, पाने तर इतके आले की त्यांत एखादं गॅरेज निघावं. हे सगळं मावेल अशी लोखंडी पेटी त्यांनी खास लोहाराकडून करून घेतली आणि डिक्कीत ठेवली. डिक्कीचं झाकण पेटीवर टेकायचं, म्हणून ते बंद करताना वरून मला बसावं लागायचं. मी बसलो की कडी लागायची. पुढं नवी बॅटरीसुद्धा जुनीसारखीच उतरायला लागली, तेव्हा साडूभाऊंना दुःख झालं नाही, उलट त्यांची छाती फुगली. म्हणाले, "मी काय म्हणलो होतो? चोर जुनाच हाय."

मग तपास सुरू झाला. हॉर्न तोडून पाहिला, घड्याळ काढून पाहिलं, टेप उपटून घरात नेऊन ठेवला. डिक्की उघडली की आतला छोटा दिवा लागायचा, आणि त्या उजेडात हा माणूस पेटीत डोकं घालून तासन्‌तास मीटर शोधायचा. एकदा मीच जबरदस्तीनं एका मेकॅनिकला घेऊन गेलो. तो बिचारा म्हणाला, काका, गाडी लावली की बॅटरीची वायर काढून ठेवत जा, प्रश्न मिटला. साडूभाऊंनी त्याला चहासुद्धा विचारला नाही. "मीटर काढून ठिवलं म्हणून चोरी थांबती व्हय? हे बिलकुल बेअक्कल माणूस हाय," असं त्याच्यादेखत मला म्हणाले. जखम मांडीला आणि मलम शेंडीला लावणारा माणूस दुसऱ्याची अक्कल काढतो, तेव्हा ऐकणाऱ्यानं कुठं बघावं हे मला अजून कळलेलं नाही.

पुढं त्यांचा संशय शेजाऱ्यावर गेला. शेजाऱ्याच्या कूलरची वायर भिंतीवरून येते, तेव्हा त्यानंच गाडीवर आकडा टाकला असणार. लोक तारेवर आकडा टाकतात हे आपल्याकडं कोणाला नवीन नाही, पण गाडीच्या बॅटरीवर आकडा टाकून कूलर चालवणारा चोर फक्त साडूभाऊंच्या डोक्यातच राहू शकतो. दुपारभर ते दारात खुर्ची टाकून, पेपर तोंडापुढं धरून, शेजाऱ्याच्या घरावर नजर ठेवून बसायचे. शेवटी शेजारीण अक्काला विचारायला आली, की तुमचे हे आमच्याकडं असं टक लावून का बघायलेत. अक्कानं तिला चहा पाजला आणि मोतीबिंदू झालाय असं सांगून वाटेला लावलं.

गाडी उभी करायला उतार लागतो म्हणून साडूभाऊंनी नातीसुद्धा उतार बघून ठेवली. ज्यांच्या दारात उतार त्यांच्याकडं जाणंयेणं, सपाटीवरच्या सोयऱ्यांना फोनवरून शुभेच्छा. बोरीला एका लग्नाला गेलो, तिथं नेमका उतार सापडला नाही. दोन दिवसांच्या मुक्कामानंतर सकाळी नवरदेवाचे मामा, काका, सगळे नव्या कपड्यांनिशी गाडीमागं लागले. धुरानं त्यांचे शर्ट काळे झाले, आणि साडूभाऊ पुढून आशीर्वाद दिल्यासारखा हात हलवत निघून गेले. मला तिथंच विसरले. मी एसटीनं आलो.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं, पण मागच्या दिवाळीच्या सुट्टीत त्यांचा मुलगा सुमेध पुण्याहून आला आणि त्यानं विषयाला हात घातला. अक्काचे गुडघे गेलेत, डोळे दाखवायला सारखं परभणीला जावं लागतं. तो शांतपणे म्हणाला, "पप्पा, आईला कधी अचानक न्यायची वेळ आली आणि गाडी चालू झाली न्हाई तर? मी निघायच्या दिवशी सकाळी किल्लीनं चालू झाली तर ठीक. न्हाई झाली तर घराला कुलूप लावू आन्‌ तुमी दोघं माझ्यासंगं चला." बोलणं चुकीचं नव्हतं. अक्का पदरानं चष्मा पुसत बसली. साडूभाऊ हसले, "चोर सापडतच आलाय," म्हणाले, पण आवाजात दम नव्हता. मला वाटलं होतं की ही ब्याद पुण्याला गेली तर मी पेढे वाटीन. त्या दिवशी घरी आलो आणि जेवलोच नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता त्यांना अक्काला घेऊन परभणीला निघायचं होतं. फोन आला, बूट घातले, गेलो. सुमेध एका बाजूनं, मी मागून. थंडी होती, अजून नीट दिसत नव्हतं. खाली मान घालून मी जोर लावला, गाडीनं झटका दिला, इंजिन धरलं, आणि माझ्या नाकासमोर डिक्कीच्या फटीत पिवळी रेघ उमटली. मी तसाच रस्त्यात उभा राहिलो. झाकणाची कडी लागत होती, पण पेटीमुळं ते पुरतं बसत नव्हतं, म्हणून आतला दिवा विझतच नव्हता. रात्रंदिवस तो जळत होता. चोर पकडायची पेटीच चोर निघाली. आणि ज्याला तो दिसायला हवा होता, तो झाकण लागल्यावर कधी ढकलायला गाडीच्या मागं आलाच नव्हता.

इतक्या वर्षांचा हिशोब चुकता करायची संधी चालून आली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, हे मी त्यांना भर गल्लीत ऐकवणार होतो. संध्याकाळी ते परभणीहून परतल्यावर मी गेलो, तर साडूभाऊ ओट्यावर बसलेले. मला बघून म्हणाले, "साडू, तुमीच सांगा ह्याला. तिथं पुण्यात मी कोणाला ओळखतो? सकाळी उठून फोन कोणाला लावू?" मी जिभेवर आलेलं सगळं गिळलं. पाना पाहिजे म्हणून किल्ली घेतली, डिक्की उघडली, दिवा फिरवून काढला आणि खिशात टाकला. झाकणावर बसून कडी लावली आणि घरी आलो.

दोन दिवसांनी, सुमेध निघायच्या सकाळी, गाडी पहिल्या किल्लीला चालू झाली. साडूभाऊंनी लगेच कारण जाहीर केलं. आदल्या दिवशी त्यांनी शेजाऱ्याकडं एकदा डोळे वटारून पाहिलं होतं, म्हणून त्यानं घाबरून आकडा काढला. सुमेध हसत एकटाच पुण्याला गेला. मीही मान डोलावली. 

त्यानंतर फोन बंद झाला. गाडी चालू होत होती, मग माझं काय काम? पहाटे जाग यायची. बूट दाराशी होते, त्यांच्यावर धूळ बसली. बायको म्हणाली, बरं झालं, सुटलात एकदाचे. मी हो म्हणालो, पण गोड लागलं नाही. हिवाळा गेला, उन्हाळा लागला. आणि एक दिवस साडूभाऊ बाजारात भेटले ते छाती काढूनच. "साडू, शेजाऱ्यानं आकडा काढताना डिक्कीतला दिवा चोरला की हो. रिकामं होल्डर घावलं मला. मी कच्चा न्हाई, नवा बसवला." मी घरी येऊन बुटांवरची धूळ झटकली.

तिसऱ्या सकाळी फोन वाजला. "जय भीम साडू. बूट घाला." मी घातलेच होते.

ढकलून झाल्यावर साडूभाऊ बॅटरी भरायला स्टेशनपर्यंत चक्कर मारायला गेले आणि मी ओट्यावर धापा टाकत बसलो. अक्का चहा घेऊन आली. कप हातात देऊन हळूच म्हणाली, "भाऊजी, तवा तुमी दिवा काढताना मी खिडकीतून बघितलं होतं. आता लगेच काढू नका. लय दिवसांनी आलात. हे रोज सकाळी फोन हातात घिऊन बसत होते, आन्‌ लावायला कारण सापडत नव्हतं."

मी कपात बघत म्हणालो, "मग रविवारी काढतो."

"रविवारी न्हाई," ती म्हणाली, "पोरगा यायच्या आदल्या दिवशी काढा."

मी बरं म्हणालो आणि आणखी अर्धा कप चहा मागितला.